रानातले मसाले गोळा करायला लागताय? आधी एवढं लक्षात ठेवा

तुमची हौस चांगली आहे, सोडू नका. फक्त पहिलं वर्षभर एक पथ्य पाळा: खात्रीने ओळखलेलं नाही, ते चाखायचं नाही. "जिभेवर ठेवून बघतो" ही नवशिक्यांची सगळ्यात धोक्याची सवय.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या आकारावर विसंबणं. चक्रीफूलच घ्या. त्याचं विषारी जपानी भावंड, शिकिमी, जवळपास तसंच दिसतं. फळ जरा लहान, टोकं आकड्यासारखी वळलेली, आणि बडीशेपेसारखा गोडसर वास नाही. पण वाळून तुकडे झाले की जाणकारही फसतो, पूड झाली की फरक प्रयोगशाळेतच कळतो. शिकिमीतल्या अ‍ॅनिसॅटिन या विषामुळे झटके येतात. 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता, तो अशाच भेसळीच्या संशयावरून. तान्ह्या बाळाला तर चक्रीफुलाचा काढा मुळीच देऊ नका.

आणखी दोन गोष्टी:

- पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची, जिरं-बडीशेपेच्या कुळातली रानझाडं सध्या सोडूनच द्या. हेमलॉक हे जहाल विषारी झाड त्यातलंच. गुळगुळीत देठावर जांभळे ठिपके आणि चुरडल्यावर उंदरासारखी घाण दिसली-जाणवली, तर हात धुवा आणि पुढे चला.
- मिरचीच्या बियांत धोत्र्याच्या बिया सहज खपतात. बी नेहमी फळासकट ओळखा.

चुकून काही पोटात गेलंच, तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. उरलेला तुकडा पिशवीत घेऊन थेट दवाखाना गाठा.