२००५ च्या होंडा सीआर२५०आर या मोटोक्रॉस बाइकला होंडाच्याच नव्या सीआरएफचे प्लास्टिक (मडगार्ड, बाहेरचे पॅनेल) बसेल का?

पूर्ण सेट थेट बसणार नाही. पोलिस्पोर्टसारख्या कंपनीचे २००२ ते २००७ च्या सीआरसाठीचे रीस्टाइल किट घ्या. सीआर२५०आर टू-स्ट्रोक, तर सीआरएफ फोर-स्ट्रोक. फ्रेम, टाकी, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा), मागची सबफ्रेम (सीटखालची चौकट) सगळंच निराळं, त्यामुळे श्राउड (रेडिएटरच्या बाजूची झाकणं) आणि साइड पॅनेलची भोकं जुळत नाहीत. रीस्टाइल किटमध्ये आकार नवा, पण बोल्टच्या जागा जुन्याच गाडीच्या असतात. फक्त पुढचा मडगार्ड आणि नंबर प्लेट बदलायची असेल, तर स्पेसर घालून, नवी भोकं पाडून सीआरएफचेही जमतात. मात्र मडगार्ड बदलल्यावर पुढचं सस्पेन्शन पूर्ण दाबून बघाच. त्याची हालचाल साधारण ३०० मिमी असते. स्टँडवर मोकळं दिसणारं चाक उडी मारून उतरताना मडगार्डला घासू शकतं, आणि ते खरंच धोक्याचं आहे. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून केबल अडकत नाहीत ना, तेही तपासा. किट घेण्याआधी एकच खात्री करा: जुनी सीट चालते की वेगळी लागते. हे प्रत्येक किटचं वेगळं असतं. जुन्या पॅनेलना रंग मारून काम भागवू नका, ते ज्या प्लास्टिकचे असतात त्या पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग टिकत नाही.