'गेट' चे अर्थ पाठ करू नकोस

प्रिय बेटा,

तू विचारलंस ना की इंग्रजीतल्या 'गेट' (get) चे डिक्शनरीत एवढे अर्थ दिलेत ते लक्षात ठेवायचे तरी कसे, तर माझं सरळ उत्तर आहे, ठेवूच नकोस. 'गेट म्हणजे मिळणे' एवढं पाठ करून पोरं मोकळी होतात आणि मग 'गेट लॉस्ट' मधे, 'आय गेट इट' मधे ते मिळणं शोधत बसतात.

आधी आपल्या 'लागणे' कडे बघ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, वरंधा घाटात गाडी लागते, आणि कोथरूडहून हिंजवडीला पोचायला किती वेळ लागतो ते तर तू रोजच बघतेयस. याचे अर्थ तुला कुणी नंबर घालून शिकवले होते का? भूक आणि लागणे हे कानावर जोडीनेच आलं. 'गेट' पण जोडीनेच येतो आणि जोडीदार बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहू नकोस, अख्खं वाक्य लिही.

हा शब्द मूळचा इंग्रजीतला नाही बरं का. स्कँडिनेव्हियाहून येऊन इंग्लंडमधे स्थायिक झालेल्या लोकांच्या नॉर्स भाषेत 'गेटा' होतं, म्हणजे मिळवणे, तिथून हा आला आणि साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजी लिखाणात दिसायला लागला. मग मिळवण्यावरून पोचणं आलं, 'आय गॉट होम', आणि जागी पोचतो तसं एखाद्या अवस्थेत पोचणं पण आलं, 'आय गॉट टायर्ड'. मला विचारशील तर या सगळ्यात एक धागा आहे, आधी नव्हतं ते आता झालं. 'शी इज मॅरीड' म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे, 'शी गॉट मॅरीड' म्हणजे तिचं लग्न झालं. 'आय वॉज वेट' म्हणजे मी भिजलेली होते, 'आय गॉट वेट' म्हणजे भिजले. हा फरक मराठीत तू झोपेतही चुकणार नाहीस, मग तोच वापर ना!

आता बसमधून उतरायचं बघ. आपल्याकडे सर्रास म्हणतात 'आय विल गेट डाऊन ॲट डेक्कन', आपल्या इथे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला 'गेट डाऊन' म्हटलं की खाली वाक किंवा स्टुलावरून, झाडावरून खाली उतर असं वाटतं. बसमधून उतरायला 'गेट ऑफ'. रिक्षातून उतरायला मात्र 'गेट आउट ऑफ'. का, तर ज्यात उभं राहून चार पावलं चालता येतं त्याला ऑन आणि ऑफ, म्हणजे पीएमपीची बस, मेट्रो, ट्रेन, विमान, आणि ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन आणि आउट, म्हणजे रिक्षा, कार. टांग टाकून बसायच्या गोष्टी, सायकल, बाईक, घोडा, या परत ऑन-ऑफवाल्या. उद्या वनाजला मेट्रोत चढताना मनात म्हण, 'आय ॲम गेटिंग ऑन', आणि उतरून पुढे रिक्षा केलीस की 'गेटिंग इन'. आठवडाभरात बसेल डोक्यात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो केसांचा. 'आय कट माय हेअर' म्हणजे तू स्वतः कात्री घेऊन आरशासमोर उभी राहिलीस. पार्लरमधे कापून घेतलेस तर 'आय गॉट माय हेअर कट'. मराठीत आपण नुसतं 'केस कापले' म्हणतो आणि चालतं, म्हणून ही चूक होते, पण आपल्याकडे 'करून घेणे' आहेच की! गाडी दुरुस्त करून घेतली, 'आय गॉट माय स्कूटर रिपेअर्ड'. माणसाकडून करून घेतलं तर मधे 'टू' येतो, 'आय गॉट हिम टू रिपेअर इट', आणि यात थोडं समजावणं, गळी उतरवणं पण आलं. हे एक वळण जमलं की तुझं इंग्रजी एकदम मोकळं वाटायला लागेल, खरंच सांगतो.

मीटिंगमधे 'आय ॲम नॉट गेटिंग यू' नको म्हणूस, 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' म्हण. अमेरिकन क्लायंट 'हॅव गॉटन' म्हणाला तर दचकू नकोस, त्यांच्याकडे 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे आणि 'हॅव गॉटन' म्हणजे मिळालं किंवा झालं, ब्रिटिश दोन्हीकडे 'गॉट' वरच भागवतात. फॉर्मल अर्जात 'रिसीव्ह्ड' बरं दिसतं, पण टीममधल्या माणसाला 'गॉट युवर मेल' लिहायला अजिबात घाबरू नकोस.

'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अवे विथ' याबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल, त्यावर पुढच्या पत्रात. तोपर्यंत ऑफिसात कानावर पडलेली 'गेट' ची वाक्यं जशीच्या तशी उतरवून ठेव आणि रविवारी जेवायला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझा,
काका