ओवाळून टाकलेले दोघे

प्रश्न आला आहे तो असा : अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या हिप हॉप जोडीच्या ‘अक्वेमिनाय’ (1998) या अल्बमवरच्या एका मराठी लेखात जोडीच्या नावाचा अर्थ ‘जातिबहिष्कृत’ असा दिला आहे. तो बरोबर आहे का? आणि अल्बमच्या नावाचा अर्थ काय?

पहिल्याचं उत्तर : साफ चूक. ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता हसूही येत नाही. दोष आपल्या लिपीचा. देवनागरीत ‘कास्ट व्हॅलिडिटी’तला कास्ट, सिनेमाची कास्ट आणि कारखान्यातलं कास्टिंग, सगळं एकसारखंच दिसतं. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. एक जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘कास्टा’पासून आलेला, अर्थ फेकणे, टाकणे. जाळं टाकतात, साच्यात लोखंड ओततात, ते हेच क्रियापद. आउटकास्ट म्हणजे बाहेर टाकलेला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून आहे, तेव्हा त्या लोकांना जात हा प्रकार माहीतही नव्हता.

दुसरा कास्ट पोर्तुगीज ‘कास्ता’. तो आपल्याच किनाऱ्यावर चिकटला. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरच्या ग्रंथात चांभारांची ‘कास्ता’ आहे, बापाचा धंदा कुणी सोडत नाही असं निरीक्षणही आहे. त्या कास्ताला ‘आउट’ जोडून, शेवटी एक ई लावून, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दुसरा आउटकास्ट घडवला. अटलांटाच्या पोरांच्या नावाला तो ई नाही. त्यांनी ‘सी’च्या जागी ‘के’ घातला, ती त्यांची मर्जी.

आता गंमत. ‘कास्ता’ कुठून आला? बहुतेक कोश लॅटिन ‘कास्तुस’ म्हणजे शुद्ध, सोवळा इथे जाऊन थांबतात. सोवळ्यावरून जात, किती सोयीचं! स्पॅनिशचा व्युत्पत्तिकार कोरोमिनास मात्र म्हणतो, मूळ गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतलं आहे. जनावरांचा जथा, पिलावळ अशा अर्थाचा शब्द, आणि तो इंग्रजी ‘कास्ट’चा भाऊबंद. त्याचं खरं धरलं तर वर मी तावातावाने वेगळे केलेले दोन कास्ट खापरपणजोबांपाशी एक होतात. मला कोरोमिनास पटतो. शुद्धतेची व्युत्पत्ती मला नेहमीच उशिरा शिवलेल्या कपड्यासारखी वाटत आली आहे. पण म्हणून लेखकमहाशयांचा ‘जातिबहिष्कृत’ सुटत नाही. गोत्र एक निघालं म्हणून अर्थ एक होत नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीची जातीशी तुलना करू नये असं माझं म्हणणं नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ तिथल्या गुलामी नष्ट करणाऱ्यांनाच अर्पण केली होती. पण तो इतिहास झाला, आणि प्रश्न नावाचा आहे. या दोघांनी आधी ‘मिसफिट्स’ हे नाव धरलं होतं. ते दुसऱ्या कुणी घेतलेलं निघालं, म्हणून शब्दकोशात त्याचा समानार्थी शोधला. म्हणजे कुठेच न बसणारे. 1995 साली न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात यांना बक्षीस मिळालं तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो केली, कारण हिप हॉप ही पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची मिरासदारी, दक्षिणेचे हे कोण? तिथेच या जोडीतला आंद्रे म्हणाला होता की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे.

मग मराठीत काय म्हणावं? ‘बहिष्कृत’ नको. बाबासाहेबांनी 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढल्यापासून त्या शब्दाला जे वजन आलं ते इथे उधार घेऊ नये. ‘वाळीत टाकलेले’ जवळ येतं, पण त्यामागे लगेच जातपंचायत उभी राहते. (वाळीत म्हणजे पापडासारखं वाळत घातलेलं, असं शिकवणारे भेटतात. त्यांनी तुकोबांचं ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’ वाचावं. तिथे वाळणं म्हणजे सोडून देणं, उन्हाचा काही संबंध नाही.)

माझा शब्द तयार आहे : ओवाळून टाकलेले. त्यातलं ‘टाकलेले’ म्हणजे शब्दशः कास्ट. दारात आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळतात आणि दूर फेकतात. त्याची इडापिडा त्या तुकड्यात गेली, म्हणून तुकडा आता कुणाच्या कामाचा नाही. वाया गेलेल्या पोराला आपल्याकडे हेच विशेषण लावतात, आणि ते लावून घेणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर एक मिजासही असते. ती मिजास ‘बहिष्कृत’मध्ये कुठून येणार? माझं तर मत आहे की ओवाळणीतला ‘वाळ’ आणि वाळीतला ‘वाळ’ एकाच ‘वळणे’च्या पोटचे : एकात वस्तू माणसाभोवती वळते, दुसऱ्यात गाव माणसाकडे पाठ वळवतं. एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर मान हलवली होती. आडवी. हलवोत.

हां, अल्बमचं नाव राहिलं. अक्वेमिनाय म्हणजे अक्वेरियस आणि जेमिनाय यांचा सांधा, कुंभ आणि मिथुन. जोडीतल्या दुसऱ्याचा, बिग बॉयचा, जन्म 1 फेब्रुवारीचा, आंद्रेचा 27 मेचा, दोघेही 1975 चे. त्याच रीतीने मराठीत कुंभाचं डोकं आणि मिथुनाचं शेपूट जोडलं तर ‘कुंथुन’ होतं, ते कुणी अल्बमवर छापणार नाही. उलट जोडून ‘मिथुंभ’ चालेल. शिवाय या राशी पाश्चात्त्य हिशेबाच्या. आपल्या पंचांगात 1 फेब्रुवारीला सूर्य मकरेत असतो आणि 27 मेला वृषभेत. तेव्हा ज्यांना भाषांतर अगदी काटेकोर हवं आहे त्यांनी ‘मकृषभ’ म्हणावं.