सरकारने सगळ्यांनाच मोफत उपचार द्यावेत का?

हो, द्यावेत. पण नुसतं योजनेचं कार्ड देऊन भागणार नाही. दवाखाना, डॉक्टर आणि औषध हे तिन्ही सरकारने द्यावं असं माझं ठाम मत आहे. तुम्ही विचारलंय की मोफत झालं तर दर्जा घसरेल का, कर वाढतील का आणि खासगी दवाखाने बंद पडतील का. त्यावर येतोच. मी चोपडा तालुक्यात मेडिकल चालवतो, म्हणून आधी काउंटरवर रोज काय दिसतं ते सांगतो.

बीपी-शुगरचं गिऱ्हाईक महिन्याच्या गोळ्या एकदम क्वचितच नेतं. "पाचच गोया दे भाऊ, बाकीन्या बजारना दिन लई जासू," म्हणजे बाकीच्या बाजाराच्या दिवशी नेईन, असं म्हणतात. मी स्ट्रिप कापून पाच देतो, एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानात राहतो. बाजाराचा दिवस येतो, तेव्हा कपाशीची निंदणी निघालेली असते, बायांची मजुरी द्यायची असते. राहिलेल्या गोळ्या राहूनच जातात. बीपी दुखत नाही, त्यामुळे ते अंगावर काढता येतं. काही वर्षांनी त्याच माणसाला लकवा होतो, नाहीतर किडनीचं निघतं.

आता योजना बघा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्या खानदेशातला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. आज तीच महात्मा फुले योजना झाली आहे, मर्यादा पाच लाखांवर गेली आहे आणि पांढरं रेशनकार्डवालेही त्यात आले आहेत. या योजनेमुळे वावर न विकता बायपास झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी, ठरलेल्या ऑपरेशन-उपचारांसाठी आणि डिस्चार्जनंतरच्या थोड्या दिवसांसाठी आहे. रोजची गोळी, ओपीडीतली रक्ततपासणी त्यात बसत नाही. म्हणजे किडनी गेल्यावर डायलिसिसचे पैसे सरकार भरतं आणि ती जाऊ नये म्हणून लागणारी गोळी त्या माणसाने पाच-पाच करून विकत घ्यायची. यात सरकारचाही तोटाच आहे.

नियमाने ती गोळी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट मिळायला हवी, आणि साठा असतो तेव्हा मिळतेही. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. पण साठा संपला की बाहेरची चिठ्ठी लिहून मिळते आणि पेशंट ती घेऊन माझ्याकडे येतो. माझा धंदा होतो, पण त्या म्हातारीचा चेहरा बघून ते पैसे घ्यावेसे वाटत नाहीत.

आणि सातपुड्यात वर जा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागातल्या काही पाड्यांवरून अजूनही बाळंतीण बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावी लागते. तिच्या घरात पाच लाखांचं कार्ड असलं तरी ते चालणारं हॉस्पिटल खाली, शहरात. खासगी डॉक्टरला त्या डोंगरात परवडत नाही, त्याला मी दोष देत नाही. तिथे फक्त सरकारच जाऊ शकतं: उपकेंद्र, सिस्टर, आशाताई, बोट अ‍ॅम्ब्युलन्स.

पैशांचं म्हणाल तर पैसे आजही आपणच भरतोय. २०२१-२२ च्या हिशोबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला होता. केंद्र आणि राज्यं मिळून जीडीपीच्या १.८४ टक्के खर्च करत होती, तेही कोरोनाच्या काळात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन होतं. आधी ते तरी पाळा, कर वाढवायचं मग बघू. ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा महायुद्धाने ते पार खंगलेले होते, रेशनिंग चालू होतं. थायलंड तर आपल्यासारखाच शेतीवाला देश. त्यांनी आधी तालुक्या-तालुक्यात सरकारी दवाखाने उभे केले, नव्या डॉक्टरांना खेड्यात पाठवलं, आणि २००२ पर्यंत ३० बाथमध्ये (बाथ म्हणजे तिथलं चलन) उपचार देशभर लागू केले. आपण मात्र कार्ड आधी वाटलं.

दर्जा फुकट दिल्याने घसरत नाही. जागा रिकाम्या ठेवल्या आणि तिथे फक्त गरिबांनाच जावं लागलं की घसरतो. तहसीलदार, मास्तर, केळीचा बागायतदार त्याच ओपीडीच्या रांगेत आले, तर साठा संपल्याची तक्रार वरपर्यंत जाईल. गरिबाची जात नाही. म्हणूनच "फक्त गरिबांना द्या" याला माझा विरोध आहे.

खासगी दवाखाने बंद पडणार नाहीत, ब्रिटन-थायलंडमध्येही ते चालूच आहेत. योजनेचे दर कमी आहेत आणि बिलं उशिरा निघतात ही डॉक्टरांची तक्रार रास्त आहे, ती सरकारने सोडवायलाच हवी. तालुक्याला चांगलं सरकारी रुग्णालय असेल, तर त्यांना बिल लावतानाही विचार करावा लागेल. तुमच्या जवळच्या पीएचसीत एमओची, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याची, जागा भरलेली आहे का आणि बीपीची गोळी महिनाभर पुरेल इतकी देतात का, हे एकदा जाऊन विचारा. नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या.