रॉक अल्बमचं काळं कव्हर स्ट्रीमिंग आणि विनाइल, दोन्हीसाठी कसं करावं?

तुमचा प्रश्न असा, की पहिला अल्बम आधी स्ट्रीमिंगवर आणि नंतर १२ इंची विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डवर, येतोय, चित्र बरंचसं काळं आहे आणि दोन्हीकडे कव्हर एकच ठेवायचंय. ते जमण्यासारखं आहे. फक्त फाइल पहिल्या दिवसापासून मोठ्या मापाची करायची आणि चित्राचा निर्णय सगळ्यात छोट्या मापावर घ्यायचा.

ॲपच्या यादीत कव्हर नखाएवढं दिसतं. म्हणून कच्चं चित्र ६४ × ६४ पिक्सेलवर आणा आणि फोन हातभर लांब धरून बघा. एक आकृती चटकन ओळखू आली पाहिजे. चौघांचे चेहरे, गिटार, धूर, मागे शहर असं सगळं कोंबलं, की या मापाला त्याचा चिखल होतो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चं कव्हर नीट पाहा. ते हिप्नोसिस या स्टुडिओचं, चित्र जॉर्ज हार्डी यांचं. काळ्यावर एक लोलक, एक पांढरा किरण आणि सहाच रंगपट्टे. तानापिहिनिपाजातला ‘पा’ गाळलेला. निळ्या-जांभळ्याच्या मध्ये पारवा उठून दिसला नसता, तो गेल्याने बाकीचे पट्टे मोकळे झाले. काय काढता येईल, हा प्रश्न मी प्रत्येक कव्हरला विचारतो.

बँडचं नाव टाकावं का? ॲपमध्ये ते चित्राखाली असतंच. जॉय डिव्हिजनच्या १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’च्या दर्शनी बाजूवर डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी नाव घातलंच नाही, नुसत्या एका पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठेक्यात संकेत देणाऱ्या ताऱ्याच्या, संकेतांच्या रेषा. पण रेकॉर्डच्या खोक्यात माणूस कव्हरं पुढे ढकलत जातो आणि त्याला फक्त वरचा एक तृतीयांश भाग दिसतो. पहिल्या अल्बमला नाव घ्या आणि ते वरच्या १० सेंटिमीटरमध्येच ठेवा. स्ट्रीमिंगच्या प्रतीवर वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाची खूण किंवा किंमत टाकू नका. त्यावरून स्ट्रीमिंग सेवा कव्हर परत पाठवतात. कव्हरवरचं नाव नोंदवलेल्या नावाशी जुळत नसलं तरीही ते परत येतं.

आता मापं. स्ट्रीमिंगसाठी ३००० × ३००० पिक्सेल, आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. ही फाइल विनाइलला पुरत नाही. तयार कव्हर साधारण ३१५ मिलिमीटर चौरस असतं, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची कड, धरली की ३२१. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्याचे सुमारे ३८०० पिक्सेल होतात. म्हणून मूळ फाइल ४००० पिक्सेलची ठेवा आणि त्यातून लहान प्रती काढा. उलटं, म्हणजे लहानाचं मोठं, केलंत तर कडा मऊ पडतात. नेमकं माप आणि घड्यांच्या रेषा छापखान्याच्या टेम्प्लेटवरूनच घ्या. मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवा.

खरी गंमत आणि खरी भीती काळ्या रंगात आहे. नुसती १०० टक्के काळी शाई मोठ्या भागावर राखाडी, विटकी दिसते. तिच्याखाली इतर शाया लागतात: सायन (आकाशी) ६० टक्के, मॅजेंटा (गडद गुलाबी) ४०, पिवळी ४०, काळी १००. बेरीज २४०. ही बेरीज ३०० च्या वर गेली तर शाई नीट वाळत नाही आणि वर ठेवलेल्या कागदाच्या पाठीला लागते. अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, कागद शाई पितो, तिथे मर्यादा आणखी खाली येते. आकडा छापखान्याला विचारा. बारीक काळी अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या, तरी अक्षरांना रंगीत सावली येते. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर ७ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि नाजूक सेरिफचे (अक्षरांच्या टोकांना बारीक शेपट्या असलेले) फाँट टाळा, शाई आत शिरून अक्षरं बुजतात.

दुसरी फसगत स्क्रीनची. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. चित्रातल्या माणसाच्या जाकिटाची अंधारातली घडी स्क्रीनवर स्पष्ट दिसते, छापल्यावर गायब होते. छपाईच्या प्रतीत गडद छटा थोड्या उजळा आणि ठरलेल्या कागदावरच प्रूफ, म्हणजे नमुन्याची छापील प्रत, मागा.

कव्हरचा कणा, म्हणजे कपाटात उभं ठेवल्यावर दिसणारी अरुंद कड, जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो आणि घडी मिलिमीटरभर इकडेतिकडे होते. कण्यापुरताच वेगळा रंग दिलात तर त्याची पट्टी दर्शनी बाजूवर डोकावते. रंग दोन्हीकडे वाहू द्या. काळ्या पुठ्ठ्याची घडी पांढरी फुटते आणि आतल्या रेकॉर्डच्या घासण्याने वर गोल वळं उमटतं. म्हणून लॅमिनेशन करा, म्हणजे वर पातळ प्लॅस्टिकचा थर द्या. मॅट (बिनचमकीचं) देखणं दिसतं, पण काळ्या मॅटवर बोटांचे ठसे आणि ओरखडे जास्त दिसतात.

पुठ्ठ्यावर धातू किंवा उठावाचं काही लावायचं असेल, तर रेकॉर्डांची चळत डोळ्यांसमोर आणा. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या कव्हरला खरी झिप लावली होती. तिचा दाब पडून रेकॉर्डा खराब झाल्या, मग दाब मधल्या लेबलवर यावा म्हणून झिप अर्धवट उघडून पाठवाव्या लागल्या.