रिसॉर्टच्या तलावात उतरण्यापूर्वी

प्रश्न : मेच्या अखेरीस आम्ही सहाजण गुहागरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस राहणार आहोत. अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी, दोघांचेही सारे लक्ष तेथील जलतरण तलावाकडे आहे. घरात कोणालाच पोहता येत नाही. आरक्षणापूर्वी काय विचारावे आणि पाणी चांगले आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : फोनवर आधी खोली विचारा, राहण्याची नव्हे, पाण्याची. उथळ बाजूसही चार फूट पाणी असेल, तर ते आपल्या मुलाच्या हनुवटीला लागेल आणि मुलीच्या डोक्यावरून जाईल, त्यामुळे लहानांसाठी दीड-दोन फुटांचा वेगळा तलाव आहे का, हे नक्की करून घ्यावे. जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो, हेही विचारावे, कारण काठावर टॉवेल देणारा आणि पाण्यातली पाने काढणारा मुलगा म्हणजे जीवरक्षक नव्हे. तो असला, तरी एका मोठ्या माणसाने मुलीपासून हातभर अंतरावरच राहावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असल्याने त्याला हाक मारताच येत नाही. फुगवलेल्या ट्यूबवर विसंबू नये, ती खेळणे आहे.

पोशाखावरून काठावर वाद होतात. सुती कपड्यांचे तंतू गाळणयंत्रात अडकतात, म्हणून नायलॉनच्या पोशाखाचा आग्रह धरला जातो, आणि तो रास्त आहे. शिवाय भिजलेली साडी किंवा ओढणी पायांत गुंतते. पोशाख साताऱ्याहूनच न्यावेत.

आता पाण्याविषयी. काठावर उभे राहून तळातील जाळी स्पष्ट दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल तर उतरू नये. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की ‘क्लोरीन भरपूर आहे’ असे आपण समजतो, पण तो वास क्लोरीनचा घाम व लघवीशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. म्हणूनच उतरण्याआधी अंघोळ करावी. समुद्रावरून थेट आलेली वाळू आणि डोक्याचे खोबरेल तेल तलावात जाऊ नये. मोकळ्या, म्हणजे घाम-घाणीशी संयोग न झालेल्या, क्लोरीनचे प्रमाण दर दहा लाख भागांत 1 ते 3 भाग आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 असावा. रोजची नोंद दाखवा, असे म्हणण्यात संकोच कसला? कोकणात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा पाणी रोज बदलण्याची अपेक्षा धरू नये; गाळणयंत्र दिवसाला किती तास चालते, हा खरा प्रश्न. जांभ्याच्या प्रदेशातील काही विहिरींच्या पाण्यात लोह असते आणि क्लोरीन पडताच ते तांबूस दिसते. तो रंग घाणीचाच असतो असे नाही, मात्र गढूळपणा खपवून घेऊ नये.

कोणाला जुलाब होत असतील, तर त्याने तलावात जाऊ नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस तग धरतो.

आपण जाणार तेव्हा वळवाचे दिवस असतील. ढगांचा गडगडाट ऐकू येताच सर्वांनी पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, खोलीतच बसावे.