बॉडी उतरवायच्या आधी दारं बसवा

तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली आणि झोप उडाली. मामांची १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे बिनछपराची इंग्लिश गाडी, नाशकात सराफ बाजाराजवळच्या वाड्यात बावीस वर्षं उभी, दाराखालचे दोन्ही सिल गंजून पापड झालेले, इंजिन जाम. गॅरेजवाला म्हणतोय, बॉडी चेसिसवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरवू आणि दोन्ही सिल एकदम कापून नवे मारू. आणि तुम्ही विचारताय, आधी इंजिन करू की आधी पत्रा?

तो प्रश्न राहू द्या. सकाळी उठून त्या माणसाला फोन करा आणि ग्राइंडर खाली ठेवायला सांगा. त्याचं ‘उतरवू आणि एकदम कापू’ हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मला २०१४ च्या दिवाळीनंतर एका डेंटरने, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीने, ऐकवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

आधीच सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. सातपूरला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, गाडी हा घरच्यांच्या मते आजार. माझीही स्पिटफायरच, मार्क थ्री मॉडेल, १२९६ सीसी. तुमचीही तीच असावी, चेसिस नंबरच्या प्लेटवरचा नंबर ‘एफडी’ने सुरू होतो का पाहा. खाली लिहितोय ते याच गाडीबद्दल आहे. फियाटवाल्यांनी आणि एमजीवाल्यांनी वाद घालायला येऊ नये.

इंजिन मोकळं करणं, टाकी धुणं, ब्रेकची रबरं बदलणं यावर तुम्हाला पन्नास जण सांगतील, शिवाय ते तुम्हाला माहीत असणारच. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून ठेवा आणि विसरून जा. इंजिन आणखी सहा महिने जाम राहिलं तर काही बिघडत नाही. बॉडीचं तसं नाही.

या गाडीत सिल म्हणजे नुसता शोभेचा पत्रा नाही. स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चेसिसवरून आली, पण चेसिस आखूड करताना बाजूच्या फ्रेमा काढून टाकल्या. मधला कणा तेवढा राहिला. ती उणीव भरून काढायचं काम दाराखालच्या या उंबऱ्यावर आलं. म्हणून तो तीन पदरी आहे: आतला पत्रा, बाहेरचा पत्रा आणि दोघांच्या मध्ये उभी पट्टी. वर छप्पर नाही, दाराचं भगदाड हे एवढं मोठं, गिअरबॉक्सवरचं झाकण तर सुटंच. मग सिल कापल्यावर बॉडीचा पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा एकमेकांना धरून राहतात कशाने? फरशीच्या पातळ पत्र्याने. तोही बहुधा गंजलेला.

आता माझी अक्कल ऐका. इंदिरानगरला बंगल्याच्या पोर्चमध्ये काम चाललं होतं. हलकं व्हावं म्हणून दारं आधीच काढून गच्चीवर नेऊन ठेवली. गल्लीतली सहा पोरं बोलावली, बॉडी उचलली आणि दोन घडवंच्यांवर ठेवली, एक पुढे, एक मागे. मिस्त्रीने दुपारच्या जेवणापर्यंत डावा सिल कापला आणि चहापर्यंत उजवा. संध्याकाळी मी हातात कंदील घेतल्यासारखा टॉर्च घेऊन फिरलो आणि म्हटलं, वा, किती स्वच्छ काम. बॉडी मधोमध खाली बसली होती. डोळ्यांना दिसण्याइतकी नाही, पण बसली होती. दुसऱ्या दिवशी नवे सिल त्याच बसलेल्या अवस्थेत सीओटू वेल्डिंगने मारून पक्के केले. म्हणजे वाकडेपणा मी पैसे देऊन कायमचा करून घेतला.

कळलं कधी? चार महिन्यांनी, प्रायमर मारून बॉडी परत चेसिसवर ठेवताना. मागची भोकं जुळेनात. मिस्त्रीने पहार घातली, ‘हां, आली आली’ म्हणत बोल्ट ठोकले. मग गच्चीवरून दारं आणली. दार वरच्या कोपऱ्यात घासायचं आणि खाली करंगळी जाईल एवढी फट. बॉनेटचं तर विचारूच नका. या गाडीचा पुढचा सगळा भाग एकसंध उघडतो, त्यामुळे एका जागी चुकलं की चारही बाजूंनी दात दाखवतो.

इथपर्यंत चूक होती. पुढे केला तो गाढवपणा. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, कडा घासतो, बाकी पुट्टीची लांबी भरतो, कुणाला कळतंय?’ आणि मी हो म्हणालो. दमलो होतो. शेजारचे काका रोज विचारायचे, भंगारवाला कधी येणार. बायकोची ॲक्टिव्हा दीड वर्ष उन्हात उभी होती. लांबी भरली, रंग मारला, फोटो काढले, पेढे वाटले.

त्र्यंबक रोडला पहिल्यांदा नेली तेव्हा मागून मोटरसायकलवर येणारा भाचा म्हणाला, मामा, गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालतेय. मला वाटलं चेष्टा करतोय. हजार किलोमीटरमध्ये मागचे टायर एका बाजूने कापडापर्यंत घासले. मग ओळंबा आणि दोरा घेऊन अंगणात खडूच्या रेघा मारल्या, तर उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा ११ मिलिमीटर मागे. कारण मागच्या चाकांना पुढून धरणारे रेडियस आर्म चेसिसवर नसतात, बॉडीवर असतात. हेराल्डमध्ये ते चेसिसवर आहेत, स्पिटफायरमध्ये नाहीत. म्हणजे दाराची फट वाकडी हा दिसण्यापुरता दोष नव्हताच. बॉडी वाकडी म्हणून चाक वाकडं.

सगळं परत कापलं. रंग गेला, सिल गेले, चौदा महिने गेले आणि मी हिशेब लिहिणं थांबवलं तोवर एक लाख ऐंशी हजार गेले होते. पैशाचं एवढं नाही. जन्मभर मी लोकांसाठी फिक्श्चर, म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी, बनवले. जॉब पकडल्याशिवाय त्याला कटर लावायचा नाही हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. आणि स्वतःच्या गाडीला साधी आडवी नळी लावायचं सुचलं नाही. टूलरूममधल्या जुन्या सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी त्याच सहकाऱ्याने उभं राहून करून घेतलं. ते असं. आधी चेसिस सपाट फरशीवर ठेवून कर्ण मोजले. तुम्ही हे नक्की करा, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं होतं आणि तुमची गाडी तेव्हा तिथेच होती. चेसिसच्या पोकळीत गाळ बसला असेल तर तो आतून खातो. हातोडीने टोकटोक करत जा. ठण आवाज आला तर ठीक, थप आला तर तिथे पत्रा नाही, माती आहे.

चेसिस सरळ असेल तर बॉडी तिच्यावरच राहू द्या, खालचे रबरी पॅड नवे घालून सगळे बोल्ट आवळून. दारं लावा. बिजागरीच्या पिना ढिल्या असतील तर आधी त्या बदला, नाहीतर कशाची फट मोजताय तेच कळणार नाही. चारही बाजूंनी साधारण ४ मिलिमीटर फट येईपर्यंत पॅडखाली पत्र्याच्या चकत्या घाला, काढा. याला मला तीन रविवार लागले आणि ते तीन रविवार या सगळ्या कामातले सर्वांत शहाणपणाचे होते. फट जुळली की २५ मिलिमीटरची चौकोनी नळी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आतल्या बाजूने टाका, एक सरळ, एक तिरकी, दार बंद होईल अशा बेताने. डाव्या आणि उजव्या खांबांमध्येही एक आडवी. तिरक्या नळीत टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) बसवलात तर नंतर मिलिमीटरभर ओढता-सोडता येतं.

मगच कापा, आणि एकच बाजू. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे बोटही लावायचं नाही. वेल्डिंग सलग ओढू द्यायचं नाही. इथे दोन सेंटिमीटर, मग त्या टोकाला दोन सेंटिमीटर, मग चहा. दर पाच-सहा टाक्यांनंतर दार बंद करून बघायचं. मिस्त्री वैतागतो. वैतागू द्या. मजुरी दिवसावर ठरवा, कामावर नाही. कामावर ठरवली की तो घाई करणारच, त्यात त्याची चूक नाही. सिलच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजवू देऊ नका आणि रंगानंतर आतल्या पोकळीत मेण फवारा.

सिल आणायचे कुठून? मी पहिला जोड इंग्लंडहून मागवला होता. तो एका कचेरीत सव्वा महिना पडून राहिला. तिथल्या साहेबांचा प्रश्न, ‘पार्ट नवे की जुने?’ म्हटलं, पार्ट नवे, गाडी जुनी. त्यांनी लिहिलं ‘जुने’. झालं! मग जुन्या मालाचे नियम, मग अर्ज, मग ‘संबंधित टेबलवर नाहीत’, मग इनव्हॉइसची प्रत परत द्या. चार फेऱ्या मुंबईला. कसाऱ्याच्या घाटात माझं पेट्रोल जेवढं जळलं तेवढ्यात सिलचा तिसरा जोड आला असता. दुसऱ्या वेळी सरळ अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे १८ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यात वाकवून घेतले, जुन्या तुकड्याचा पुठ्ठ्यावर साचा काढून. बाहेरच्या पत्र्याची गोलाई थोडी हाताने मारावी लागली. पण नाशकात पत्रा वाकवणाऱ्यांची आणि लेथवाल्यांची वाण नाही, तेव्हा आधी आपलं गाव पालथं घाला आणि मग परदेशी खोकी मागवा. हे माझं मत, तुमचं नशीब कदाचित माझ्यापेक्षा बरं असेल.

तुम्ही विचारलं नाहीत तरी काही गोष्टी सांगून ठेवतो. पुढच्या चाकाच्या खालच्या बाजूला पितळी ट्रनियन आहे, म्हणजे चाक वळताना ज्यात फिरतं तो आट्यांचा ठोकळा. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक निप्पल दिसलं की ग्रीस मारतो. इथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस आत घट्ट होतं, आटे कोरडे पडतात आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. ट्रनियन मद्रासला बनलेल्या आपल्या स्टँडर्ड हेराल्डचे चालतात, त्यामुळे हेराल्डवाल्यांशी ओळख ठेवा. इंजिनाच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर विसंबू नका, आपली हेराल्ड ९४८ सीसी. इंजिन फिरायला लागलं की एकाने क्लच दाबा आणि दुसऱ्याने पुढची पुली पाहा. ती डोळ्यांना दिसेल एवढी पुढे सरकली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, सुरू करू नका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम दिसायला बरे असले तरी फेका. पाने इंची लागतील. मेट्रिक पान्याने बोल्टाची डोकी गोल करणारा माणूस गेटच्या आत घेऊ नका. रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळ्यात पोर्चमध्ये मारलेला रंग दुधाळ होतो, हेही मी पैसे देऊनच शिकलोय.

कागदांचं थोडक्यात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीपासून नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि मामांचं आरसी बुक असेल तर ते आधी शोधा. मात्र रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केला तर ती त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून ‘मारुतीचं इंजिन टाकून द्या’ म्हणणाऱ्या हितचिंतकांना चहा पाजून वाटेला लावा. मी एजंट नाही, वकील नाही, सरकारी पोर्टलवर स्वतः वाचून खात्री करा. आणि वाळूच्या माऱ्याने गंज काढायला, म्हणजे ब्लास्टिंगला, देण्याआधी चेसिस नंबरची प्लेट रिव्हेट फोडून काढा आणि कपाटात ठेवा. वाळूपुढे अक्षरं टिकत नाहीत.

गंमत सांगतो. या गाडीचा पहिला नमुनाच कारखान्याच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. १९६१ मध्ये लेलँडने ट्रायम्फ कंपनी घेतली तेव्हा पाहणी करताना तो सापडला आणि १९६२ मध्ये गाडी बाजारात आली. मामांच्या वाड्यातली बावीस वर्षं त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका.

आता काम. दोन्ही दारं बंद करून, वरची आणि मागची फट दिसेल असे फोटो टाका, शेजारी पट्टी धरून. बॉडी अजून चेसिसवर असेल तर बरंच वाचलंय. माझ्या त्या चौकोनी नळ्या टर्नबकलसकट पोर्चच्या मागे पडून आहेत, इंदिरानगरला येऊन घेऊन जा. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खणलेत, रविवारी सकाळी लवकर निघा. टर्नबकलचे आटे गंजलेत, येताना थोडं ऑइल आणा.